गोळी गावात आली, तपासणी मात्र नागपुरातच

ब्लड कॅन्सर झाला एवढं कानावर आलं की आपल्याकडे लोक त्या माणसाला गेल्यातच जमा धरतात. भेटायला येणारे सोयरे दारातूनच डोळे पुसत आत येतात, आणि आतल्या खोलीत वावर विकायचं का गहाण टाकायचं यावर भावाभावांची बैठक बसलेली असते. पण ब्लड कॅन्सरचे बरेच प्रकार आहेत, त्यातला एक सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, असा आहे की वेळेवर सापडला तर रोज एक गोळी खाऊन माणूस वर्षानुवर्षं वावरात राबतो, पोरांची लग्नं लावतो, नातवंडं खेळवतो. तालुक्याच्या ठिकाणी मेडिकल चालवतो त्यामुळे अशी माणसं मी काउंटरच्या पलीकडे उभी राहून हिशोब करताना बघतो. आणि त्यांच्याकडे बघूनच मला ठामपणे वाटतं की या आजाराचं अर्धंच काम आपल्याकडे झालंय, ते म्हणजे गोळी स्वस्त झाली. तिच्यासोबत, गोळी लागू पडते की नाही ते सांगणारी, जी रक्ताची तपासणी लागते ती अजून नागपूरच्या खाली उतरलीच नाही, आणि ती सरकारी दवाखान्यात, जिल्ह्याच्या ठिकाणी, फुकट मिळाल्याशिवाय ही स्वस्त गोळी आपल्या लोकांच्या पूर्ण कामाची नाही.

हे पटायचं तर गोळी आली कशी ते आधी बघावं लागेल, आणि ती गोष्ट खरंच सांगण्यासारखी आहे.

१९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना सीएमएलच्या पेशंटच्या पेशींमध्ये एक क्रोमोसोम (गुणसूत्र) वाजवीपेक्षा बुटका दिसला. त्याला त्या शहराचंच नाव पडलं, फिलाडेल्फिया क्रोमोसोम. तो बुटका का, हे कळायला तेरा वर्षं गेली. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली बाईंनी दाखवून दिलं की ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे आपसात अदलाबदल झालेत. मग ऐंशीच्या दशकात समजलं की त्या अदलाबदलीत दोन जीन एकमेकांना चिकटून बीसीआर-एबीएल नावाचा एक नवाच जीन तयार होतो, त्याच्यातून एक प्रोटीन बनतं, आणि ते प्रोटीन पांढऱ्या पेशींना सारखं सांगत बसतं, वाढा, वाढा, वाढा. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर चिकटला की बटण सोडलं तरी मोटर बंद होत नाही, पाणी सगळ्या वावरभर, तसं. चार ते अकरा हजार असायला पाहिजेत तिथे पांढऱ्या पेशी लाख दीड लाखावर जातात, प्लीहा फुगते, पोटात डाव्या बाजूला गोळा लागतो, थोडं खाल्लं की पोट भरतं. आपल्याकडे मलेरिया आहे, सिकलसेल आहे, त्यातही प्लीहा फुगते, म्हणून पोटातल्या या फुगीकडे कोणी मनावर घेऊन बघत नाही, आणि कित्येकदा हा आजार भलत्याच कारणासाठी केलेल्या साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीत, सापडतो.

तर हे प्रोटीनच अडवता आलं तर? हा विचार डोक्यात घेऊन बसलेला डॉक्टर म्हणजे ब्रायन ड्रुकर. बोस्टनला होता, १९९३ मध्ये ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या विद्यापीठात गेला. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि त्याच्या सोबतचे केमिस्ट अशी प्रोटीनं अडवणारे रेणू बनवत होते. ड्रुकरने त्यांच्याकडून नमुने मागवून सीएमएलच्या पेशींवर घालून बघितले, त्यातला एक असा निघाला की बिघडलेल्या पेशी मरतात आणि चांगल्या पेशींना फारसं काही होत नाही. हे १९९६ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी सिबा-गायगी आणि सँडोज एक होऊन नोव्हार्टिस झाली. आता कोणालाही वाटेल की कंपनीने उडीच घेतली असेल. उलट कंपनी कचरत होती, कारण हा आजार कमी लोकांना होतो, लाखात वर्षाला एक-दोन, एवढ्या पेशंटसाठी एवढा खर्च परवडेल का हा हिशोब, शिवाय कुत्र्यांवरच्या चाचणीत लिव्हरला त्रास दिसला होता. ड्रुकर मागे लागून राहिला, लागूनच राहिला. शेवटी जून १९९८ मध्ये पहिल्या पेशंटला गोळी दिली. रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस मिळालेल्या ५४ पेशंटपैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मलला आलं. चोपन्नपैकी त्रेपन्न! कॅन्सरच्या औषधाच्या पहिल्या ट्रायलमध्ये शंभरात पाच-दहा जणांना फरक पडला तरी डॉक्टर खूश असतात. मग काय, बातमी पेशंटमध्ये पसरली, लोकांनी सह्यांची मोहीम काढून कंपनीला सांगितलं की उत्पादन वाढवा, आणि १० मे २००१ ला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याच महिन्यात टाइम मासिकाच्या कव्हरवर ही गोळी. औषधाचं नाव इमॅटिनिब, कंपनी ते ज्या नावाने विकायची ते ग्लिव्हेक.

याच्या आधी काय होतं ते पण सांगतो, नाहीतर किंमत कळणार नाही. इंटरफेरॉनची इंजेक्शनं, ज्याने ताप-थंडी-अंगदुखीने माणूस अर्धा व्हायचा. नाहीतर बोन मॅरो ट्रान्सप्लांट, त्याला जुळणारा भाऊ-बहीण पाहिजे, पैसा पाहिजे आणि नशीब पण पाहिजे. यातलं काही नसेल तर आजार तीन-पाच वर्षं शांत राहायचा आणि मग एकदम उसळायचा, त्याला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात, त्यानंतर महिन्यांचा खेळ. गोळी आल्यावर ज्या पेशंटचा मोठा अभ्यास झाला त्यातले दहा वर्षांनी ८३ टक्के जिवंत होते. ड्रुकर, लायडन आणि याच औषधावर सोबत काम केलेला चार्ल्स सॉयर्स यांना २००९ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा मोठा मानला जाणारा लास्कर पुरस्कार मिळाला. तो मिळायलाच पाहिजे होता.

इथपर्यंतची गोष्ट अमेरिका-युरोपची. आपला भाग पुढे सुरू होतो, आणि माझ्या मते तो तेवढाच मोठा आहे.

ग्लिव्हेक भारतात आली तेव्हा महिन्याचा खर्च एक लाख वीस हजार रुपयांच्या घरात होता. महिन्याचा! आपल्या इथल्या कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारात देत होत्या. हे शक्य होतं कारण १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषध बनवायच्या पद्धतीवर पेटंट मिळायचं, खुद्द औषधावर नाही. २००५ मध्ये जागतिक व्यापार कराराने तो कायदा बदलावा लागला, पण बदलताना संसदेने त्यात ३(ड) नावाचं एक कलम घातलं, की जुन्याच पदार्थाचं नवं रूप आणून पेटंट मागाल तर ते रूप औषध म्हणून जास्त गुणकारी आहे हे दाखवा, नाहीतर चालते व्हा. नोव्हार्टिसने इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिक रूपावर पेटंट मागितलं होतं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला, २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला, कंपनी हायकोर्टात गेली, ट्रिब्युनलमध्ये गेली, आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांच्या बेंचकडून शेवटचा निकाल दिला की पेटंट नाही. कंपनीचं म्हणणं होतं की नवं रूप शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं, कोर्ट म्हणालं शोषलं जातं म्हणजे जास्त बरं करतं असं सिद्ध होत नाही.

इथे काही लोक, त्यात शिकलेले जास्त, म्हणतात की असं केलं तर कंपन्या संशोधन कशाला करतील. प्रश्न फालतू नाही. कंपनीने धोका घेतला होता, केमिस्ट तिचे होते, आणि भारतात हजारो पेशंटला तिने गोळी फुकट पण दिली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पंचवीस-तीस वर्षांचं पायाचं काम, तो बुटका क्रोमोसोम, ती अदलाबदल, तो जीन, हे सगळं मुख्यतः विद्यापीठांत आणि सरकारी पैशावर झालं. आणि अमेरिकेत काय झालं बघा, तिथे पेटंट होतं, तर वर्षाला तीस हजार डॉलरच्या आत असलेली गोळी २०१२ पर्यंत नव्वद हजारांवर गेली, गोळी तीच, खर्च वसूल झालेला. २०१३ मध्ये जगभरच्या शंभराहून जास्त सीएमएल तज्ज्ञांनी एकत्र लेख लिहून या किमतींवर बोंब मारली. डॉक्टर लोक सहसा असं करत नाहीत. त्यामुळे ३(ड) बद्दल मला तरी काडीची शंका नाही, ते कलम आहे म्हणून आज आमच्या शेल्फवर ही गोळी दिसते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आली, आपल्याही यादीत ती आहे, किमतीवर लगाम आला.

मग अडलं कुठे?

काउंटरवरचा नेहमीचा प्रसंग. एक माणूस येतो, शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेली रिकामी स्ट्रिप काढतो, औषधाचं नाव वाचता येत नाही पण रंग आणि कंपनी पाठ आहे. "भाऊ, यातल्या पाचच द्या न, बाकीच्या बाजाराच्या दिवशी नेतो." दहाची स्ट्रिप, कैचीने मधून कापून देतो. बाजार गुरुवारी, आज शुक्रवार. म्हणजे उद्यापासून धरल्या तर पाच गोळ्या बुधवारपर्यंत... असं मी मनात मोजतो, आणि मला माहीत असतं की गुरुवारी पाऊस लागला किंवा वेचाईला बाया मिळाल्या नाहीत तर तो शनिवारी येणार. विचारलं, "मधात खाडा पडते का?" तर म्हणतो, "पडते कधी कधी, पण आता तं बरं वाटून रायलं न."

हे "बरं वाटून रायलं" फार घातकी आहे. सीएमएलमध्ये गोळी सुरू झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात पेशी नॉर्मलला येतात, गोळा बसतो, भूक लागते, माणूस वखर चालवायला लागतो. आजार मात्र आत असतोच. लंडनमध्ये २०१० मध्ये एक अभ्यास छापून आला, गोळीच्या बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक चिप बसवली होती, झाकण केव्हा उघडलं ते त्यात नोंदलं जायचं, पेशंट काय सांगतो त्यावर विश्वास ठेवायचं कामच नाही. ज्यांनी नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यात आजार खोलवर दबण्याची शक्यता सहा वर्षांत चौऱ्याण्णव टक्क्यांच्या वर होती, आणि ज्यांनी नव्वद किंवा त्याहून कमी घेतल्या त्यांच्यात अठ्ठावीस टक्के. नव्वद टक्के म्हणजे काय? महिन्यात तीन गोळ्या चुकल्या की झालं. आमच्याकडे तीन गोळ्या एका पोळ्याच्या सणात चुकतात.

आणि चुकल्या हे कळणार कसं? साध्या सीबीसीत नाही कळत. त्यासाठी पीसीआर लागते, बीसीआर-एबीएल पीसीआर, जी रक्तात तो बिघडलेला जीन किती उरलाय ते टक्क्यात सांगते. तीन महिन्यांनी दहा टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी एकच्या आत, वर्षाने ०.१ च्या आत, ही जगभरची मापं आहेत. आकडा उतरत नसेल तर मुख्यतः दोन शक्यता, गोळ्या चुकतायत किंवा जीनमध्ये नवीन बदल होऊन गोळी लागू पडत नाहीये. पहिलं असेल तर समजावून सांगायचं, दुसरं असेल तर औषध बदलायचं, डॅसॅटिनिब आहे, निलोटिनिब आहे. टी३१५आय नावाचा एक बदल तर असा आहे की त्याला या तिन्ही गोळ्या चालत नाहीत. म्हणजे पीसीआरशिवाय गोळी खाणं म्हणजे अंदाजपंचे. डॉक्टरला पण काही दिसत नाही, पेशंटला तर नाहीच नाही. जेव्हा दिसतं तेव्हा कित्येकदा ब्लास्ट क्रायसिस झालेला असतो.

ही पीसीआर दर तीन महिन्यांनी करायची असते. प्रायव्हेट लॅबमध्ये एका वेळचे काही हजार रुपये, म्हणजे मजूर माणसाची आठ-पंधरा दिवसांची कमाई. नमुना जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात आणि लवकर लॅबला पोचावा लागतो, उशीर झाला की खराब. पुसद-उमरखेडकडून नागपूर दोनशे किलोमीटरच्या वर, सिरोंच्याहून तर साडेतीनशेच्या वर. महात्मा फुले योजना आहे, आयुष्मान कार्ड आहे, त्यात कॅन्सरचा उपचार बसतो, रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत आहे, बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, हे सगळं खरं आणि चांगलंच आहे. पण योजनेचा अंगठा उमटवायला पेशंटलाच जावं लागतं, सोबत एक माणूस लागतो, दोघांची मजुरी बुडते, रात्रीची शेवटची गाडी चुकली की स्टँडवर झोपायचं. आमच्याच ओळखीतल्या एका घराला एका मोठ्या दवाखान्याने गोळ्या महिन्याच्याच दिल्या, तीन महिन्यांच्या द्या म्हटलं तर "सिस्टीममध्ये बसत नाही" हे उत्तर. मग ते लोक एका महिन्याला योजनेतून घेतात, दुसऱ्या महिन्याला माझ्याकडून पाच-पाच करून घेतात, तिसऱ्या महिन्यात काय करतात ते मी विचारत नाही.

आता माझा मुद्दा. हे आपल्याला करता येत नाही असं बिलकुल नाही, कारण हेच आपण दुसऱ्या आजारात करून दाखवलंय. एचआयव्ही घ्या. २००४ पासून सरकार एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या फुकट देतं. सुरुवातीला मोठ्याच शहरात सेंटर होते, मग जिल्ह्यात आले, मग ग्रामीण रुग्णालयात लिंक सेंटर झाले, पेशंटचं नाव रजिस्टरला, गोळ्या चुकल्या की समुपदेशक फोन करतो, आणि व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची, तपासणी फुकट. म्हणजे रोज आयुष्यभर घ्यायची गोळी अधिक ठराविक काळाने करायची रक्ताची तपासणी, सीएमएलला नेमकं हेच लागतं! फरक इतकाच की एचआयव्हीच्या मागे कार्यक्रम आहे, बजेट आहे, साहेब आहेत, आणि सीएमएल कोणाचाच नाही. सिकलसेलचं बघा, त्याची पहिली साधी रक्ताची तपासणी, सोल्युबिलिटी टेस्ट, आता गावपातळीवर होते, पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं का?

आणि मशीनचं म्हणाल तर ते बऱ्याच ठिकाणी आधीच बसलेलं आहे. टीबीसाठी सीबीनॅट मशीन आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात आहे, थुंकीचा नमुना कार्ट्रिजमध्ये टाकायचा, दोन तासात रिपोर्ट. कोविडच्या काळात त्याच मशीनवर कोविडची टेस्ट झाली, कार्ट्रिज फक्त वेगळं. ते मशीन बनवणाऱ्या कंपनीचंच बीसीआर-एबीएलचं पण कार्ट्रिज आहे, साधारण तेवढ्याच वेळात टक्केवारी देतं, आणि काही गरीब देशांत ते वापरात पण आहे. शिवाय सिएटलच्या संशोधकांनी कागदावर रक्ताचे थेंब वाळवून ते पोस्टाने पाठवून तपासायची पद्धत पण काढली आहे. म्हणजे आपल्यासारख्या लांबच्या लोकांचा विचार जगात कोणीतरी केलेला आहे, आपणच करत नाही.

यावर एक सरकारी उत्तर मला माहीत आहे, कारण ते ऐकलेलं आहे: पेशंट किती, पाच-पन्नास, त्यांच्यासाठी एवढी यंत्रणा कशाला. बरं, हिशोबच करू. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार. लाखात वर्षाला एक धरला तरी वर्षाला पंचवीस-तीस नवीन पेशंट. गोळीने ते जगतात, म्हणून दरवर्षी भरच पडते, दहा-बारा वर्षांत तीनशे होतील. तीनशे जणांची वर्षाला चार वेळा तपासणी म्हणजे बाराशे, कामाच्या दिवशी चार कार्ट्रिज. तेही जास्तीत जास्त, कारण ज्यांचा आकडा खाली स्थिर झाला त्यांना सहा महिन्यांनी चालतं. रोज चार! यासाठी नवीन बिल्डिंग नको, नवीन पद नको. कमी पेशंट हे कारण तर कंपनीच्या लोकांनी पण तेव्हा ड्रुकरला दिलं होतं, आणि त्यांनाही ते नंतर गिळावं लागलं.

दुसरी अडचण खरी आहे, ती मी मान्य करतो: रिपोर्ट आला तरी वाचणार कोण? जिल्ह्यात हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचा तज्ज्ञ, नाही. पण आकडा खाली आला की नाही हे बघायला हिमॅटॉलॉजिस्ट लागत नाही, मेडिसिनचा डॉक्टर बघू शकतो, आणि जिथे आकडा चढला तिथेच पेशंटला नागपूर किंवा सेवाग्रामला पाठवायचं. उरलेल्या दहातल्या सात-आठ लोकांची दर तीन महिन्यांची वारी वाचते. मोठ्या दवाखान्यातली गर्दी पण तेवढीच कमी.

यात बाया-पोरींचा मुद्दा वेगळा काढून सांगायला पाहिजे, कारण त्यावर कोणी बोलत नाही. पाश्चात्य देशात हा आजार साठीच्या आसपास जास्त, आपल्याकडे मात्र तिशी-चाळिशीत खूप दिसतो, म्हणजे ऐन लेकुरवाळ्या वयात. पोरीला झाला तर घरचे लपवतात, सोयरीक मोडेल म्हणून, गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवतात. सासरी गेल्यावर गोळी कोणासमोर खायची, तर सोडूनच देतात. खरं म्हणजे हा आजार आईबापाकडून येत नाही आणि लेकराला जात पण नाही, तो बिघाड जन्मानंतर बोन मॅरोतल्या एका पेशीत होतो. फवारणीने झाला का, असंही लोक विचारतात, २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीने माणसं गेली तेव्हापासून प्रत्येक आजाराला तेच कारण वाटतं. सीएमएलचं म्हणाल तर भरपूर किरणोत्सर्ग सोडला तर पक्कं कारण सापडलेलं नाही. मात्र एक गोष्ट पक्की आहे की गरोदरपणात ही गोळी चालत नाही, बाळाला धोका असतो, म्हणून लेकरू पाहिजे असेल तर आधी पीसीआरचा आकडा खोल खाली आणून, डॉक्टरच्या नजरेखाली, ठरवून करावं लागतं. पीसीआरच नसेल तर त्या पोरीने ठरवायचं कशावर?

गोळी कायमची बंद करता येते का, हाही प्रश्न लोक विचारतात, आणि उत्तर ऐकून चकित होतात की हो, काहींची येते. फ्रान्समध्ये अभ्यास झाला, ज्यांचा आजार दोन वर्षं पीसीआरमध्ये दिसतच नव्हता त्यांची गोळी थांबवली, तर साधारण दहातले चार जण गोळीविना तसेच चांगले राहिले, बाकीच्यांना परत सुरू केली आणि तेही बहुतेक सावरले. पण थांबवल्यावर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर. म्हणजे तिकडचा पेशंट तपासणीच्या भरवशावर गोळी सोडतो आणि आमचा पेशंट बाजारच्या भरवशावर. मधल्या काळात कोणी झाडपाल्याचा काढा घेऊन येतो, "कॅन्सर मुळातून जातो" म्हणून पाच हजाराची पुडी देतो, आणि गोळीला नाही ते पैसे पुडीला निघतात. बोन मॅरोची टेस्ट सांगितली की "पाठीतलं पाणी काढतात, माणूस लुळा होते" म्हणून लोक पळतात, ती कंबरेच्या हाडातून करतात हे सांगायला दवाखान्यात कोणाला वेळ नसतो. समुपदेशक पाहिजे तो यासाठीच, तसा माणूस एआरटी सेंटरला आधीच बसलेला आहे, त्यालाच आठवड्यातला एक दिवस हे काम द्या.

तर मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजात किंवा सामान्य रुग्णालयात सीबीनॅटवर बीसीआर-एबीएलचं कार्ट्रिज, ग्रामीण रुग्णालयातून तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या, एक रजिस्टर, आणि गोळी न्यायला आला नाही तर एक फोन. योजनेच्या पॅकेजमध्ये तपासणीचे पैसे वेगळे दाखवा म्हणजे दवाखाने ती टाळणार नाहीत. खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा असं ऑफिसात विचारतील, तर जिल्हा नियोजन समितीत आरोग्याला निधी असतो, त्यातूनच पहिल्या वर्षाची कार्ट्रिज येतात, पुढचं राज्याने बघावं. आणि पेशंट कुठे आहेत हे शोधायला सर्व्हे पण नको. प्रत्येक तालुक्यात दोन-तीनच मेडिकलवाले ही गोळी ठेवतात, नावं न विचारता नुसता आकडा मागितला तरी सिव्हिल सर्जनच्या टेबलावर आठवड्याभरात अख्ख्या जिल्ह्याचा हिशोब येईल, आमच्या तालुक्याचा मी उद्याच देतो.